दोन साडूंचे रूळ

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा माणसं खरं बोलायची म्हणे. म्हणोत बापडे. माझा नाही विश्वास.

नदीकाठच्या एका गावात एक म्हातारी नाव चालवायची. नाव कुजली. गावाने नव्या नावेसाठी आपलं एकुलतं एक मोठं झाड तोडलं. फळ्या पाडायचं काम म्हातारीच्या दोन जावयांनी अंगावर घेतलं. जावयाला उलट बोलायचं नाही, अशी त्या गावाची रीत. जावयाने रेड्याचं दूध मागितलं, तरी लोक चरवी घेऊन गोठ्यात जायचे!

साडूंनी यंत्र आखलं. दोन लांब रूळ, त्यांवरून सरकणारा गाडा, गाड्यावर ओंडका, समोर पाण्याच्या चाकावर चालणारी करवत.

धाकटा म्हणाला, "रूळ लाकडाचे करू."

"लाकूड पावसात फुगतं, उन्हात वाकतं," थोरला म्हणाला. "ठोकलेलं लोखंडही मागाहून अंग चोरतं, वाकडं होतं. दगड बरा. पिढ्यान्‌पिढ्या ऊनपाऊस खाल्लेला काळा दगड."

इथवर शहाणपणच होतं. उगाच नाही म्हणू नये.

मग रूळ सपाट व्हावेत म्हणून वाळू-पाणी टाकून त्यांनी एक रूळ दुसऱ्यावर घासला. तळहात सोलून निघेपर्यंत घासला. शेवटी दोन्हींच्या मधून केससुद्धा जाईना.

"साडूभाऊ, तुमचा रूळ म्हणजे आरसा!"

"आणि तुमचा? माझ्याला कसा चिकटून बसलाय बघा!"

म्हातारी चाचरत म्हणाली, "जावईबापू, एकाच घरचे दोघे साक्षीला उभे राहिले, तर निवाडा कसा व्हायचा? तिसरा दगड आणा. तिघांना आळीपाळीने घासा."

धाकटा फुगला. "सासूबाई, दोघांचं जुळलंय ना? मग तिसरा कशाला, नाक खुपसायला?"

गाव गप्प. पाटलाने तर टाळ्या वाजवल्या!

आता बाळांनो, आणि बाळांच्या आजोबांनो, नीट ऐका. घासता घासता वरचा दगड मधे खोल गेला होता आणि खालच्याचं पोट सुटलं होतं. खळग्यात पोट बसलं, म्हणून जुळले! तोंडाला तोंड होतं तोवर लबाडी झाकली. शेजारी-शेजारी मांडले, तेव्हा एक झाला उंट नि दुसरा डबकं.

गाडा कलला, ओंडका डुलला, फळी निघाली पिळलेल्या धोतरासारखी. "झाडच वाकडं!" दोघे एका सुरात म्हणाले, आणि पुढे कापतच राहिले. अख्खं झाड संपलं. एक फळी दुसरीला लागेना.

तेव्हा मात्र म्हातारीने पदर खोचला.

"झाड वाकडं? झाड सरळ होतं रे! वाकडे तुम्ही, आणि तुम्हाला आरसा म्हणणारेही तुम्हीच! आणि गावकऱ्यांनो, तुमच्या जिभा काय गहाण पडल्या होत्या? पाटील, आता वाजवा टाळ्या!"

रीत तिथेच मोडली. तिसरा दगड आला. पहिल्यावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा, तिसऱ्यावर पहिला. दोघांचं साटंलोटं तिसऱ्यापुढे टिकेना. पोट झिजलं, खळगा बुजला, तिन्ही सपाट झाले. पण कापायला झाड कुठलं?

नवं झाड वाढेपर्यंत दोन्ही जावई छातीभर पाण्यातून गावाला खांद्यावर बसवून पलीकडे नेत राहिले. आणि पाटलाला, गावातल्या सगळ्यांत जड माणसाला, रोज पलीकडे काही ना काही काम निघायचंच.

तात्पर्य: दोघांचं एकमेकांशी जुळलं म्हणून दोघे सरळ ठरत नाहीत, तिसऱ्याशी घासल्यावरच खरं काय ते कळतं.