जोमा नाखव्याने न दिलेला ओ

समुद्रावर दिवे नव्हते आणि माणसे ताऱ्यांवरून वाट ओळखत, त्या काळची ही हकिकत आहे. करंजवेळ गावात जोमा नावाचा एक नाखवा राहत असे. ज्याची स्वतःची होडी असते, त्याला तिकडे नाखवा म्हणतात. जोमाची होडी लहान होती. पण त्याच्याइतका नेमाचा माणूस त्या किनाऱ्यावर दुसरा नव्हता, असे म्हणतात.

करंजवेळेच्या समोर भर समुद्रात उंबरबेट आहे. बेटाच्या पश्चिमेला दोन काळ्या कड्यांच्या मध्ये एक घळ आहे. बाहेरून पाहणाऱ्याला ती दिसत नाही. ओहोटीला लाटा बसल्या की एक होडी कशीबशी आत शिरते. आत थोडी वाळू आहे, खडकातून पाझरणारा गोड्या पाण्याचा झरा आहे आणि घळजाई देवीची पाषाणमूर्ती आहे. भरती आली की झऱ्यासकट सारी वाळू पाण्याखाली जाते. वर्षातून एकदाच, चैत्रात, जोमा गावकऱ्यांना दर्शनाला नेई आणि भरतीच्या आत परत आणी.

या फेरीचे दोन नियम होते. देवीच्या होडीत माणसे मोजायची नाहीत. मोजले की माणूस कमी होतो, अशी समजूत होती. आणि घळीतून निघाल्यावर मागे वळून पाहायचे नाही. मागून हाक आली तरी पाहायचे नाही, कारण घळीत भूल राहते आणि ती ओळखीच्या आवाजात बोलावते. मात्र भूल दोनदाच हाक मारते. तिसरी हाक आली तर ती माणसाची समजावी, असे जुनी माणसे सांगून गेली होती.

परतताना जोमा होडीच्या मागच्या टोकाला उभा राहून वल्हे मारी. त्याची पाठ घळीकडे आणि नजर गावाकडे असे. ती नजर कधी ढळली नाही. बायका त्याची थट्टा करीत. कमळी तर त्याच्या तोंडावर म्हणे, "जोमादादा, ही मान सुताराकडून करून घेतलीस काय रे? हलत कशी नाय ती?"

जोमा म्हणे, "नियम हाय."

"बायको हाक मारते तवा तरी वळवतोस का?"

सारी होडी हसे. जोमा हसत नसे. नियम पाळणे हे पुण्य आहे. आपणच तो पाळतो असे मनात आणणे, हे पुण्य नव्हे. जोमाच्या मनात ते येऊ लागले होते.

ही कमळी तरुणपणीच विधवा झालेली होती. घरात ती आणि तिची सासू नवसूबाय, दोघीच. नवसूबायची दृष्टी गेली होती. घळीतल्या झऱ्याचे पाणी डोळ्यांना लावले तर उजेड दिसतो, असे कोणीतरी कमळीला सांगितले. त्या वर्षी ती तांब्याचा लोटा घेऊन होडीत बसली. सासू काठी टेकत किनाऱ्यापर्यंत आली आणि म्हणाली, "पाणी नाय मिळालं तरी चालेल गो. तू ये म्हंजे झालं."

दर्शन झाले. नारळ फुटले. पाणी फिरले, तसा जोमाने आवाज दिला, "चला, भरती लागली." माणसे घाईने होडीत चढली. कमळी झऱ्याशी होती. झरा एका मोठ्या खडकाच्या आड आहे. लोटा भरून वळताना तिचा पाय फटीत गेला आणि अडकला. होडीतल्या कोणाला ते दिसले नाही. आणि नियम असा, की कोणी माणसे मोजली नाहीत.

होडी घळीच्या तोंडाशी आली, तेव्हा मागून हाक आली, "जोमादादा!"

पोशा नावाचा एक म्हातारा पुढे बसला होता. तो म्हणाला, "जोमा, हाक आली रे."

"भूल हाय ती," एक बाई घाबरून म्हणाली. "कोणी मागं बघू नका."

दुसरी हाक आली. माणसांनी कान झाकून घेतले आणि देवीचे नाव घेतले. होडी कड्यांच्या बाहेर पडली. लाटांचा आवाज वाढला.

मग तिसरी हाक आली.

कान झाकलेल्या माणसांना ती ऐकू गेली नाही. जोमाचे हात वल्ह्यावर होते. त्याने ती ऐकली. वल्हे एकदा थांबले, असे म्हणतात. पण इतकी वर्षे न वळलेली मान आज सगळ्यांसमोर वळवायची, हे त्याला जमले नाही. वल्हे पुन्हा पाण्यात पडले.

किनाऱ्यावर नवसूबाय उभी होती. माणसे उतरून तिच्या बाजूने गेली. तिला डोळे नव्हते, पण कान होते. सर्वांत शेवटी तिने विचारले, "माझ्या सुनेची पावलं नाय वाजली. ती कुठं हाय?"

माणसे एकमेकांकडे पाहू लागली. जोमाने होडी परत पाण्यात ढकलली. लोकांनी त्याला धरले. "भरतीत घळीत कोण गेलंय का रे? मरशील!"

जोमा म्हणाला, "मी तिसरी ऐकली." मग कोणी त्याला धरले नाही.

त्या दिवशी ऐन भरतीत समुद्र पाटासारखा सपाट झाला आणि त्याची होडी घळीत गेली, असे म्हणतात. आत सर्वत्र पाणी होते. कमळी नव्हती. लोटा मात्र पाण्यावर उभा तरंगत होता, काठोकाठ भरलेला, आणि त्यातले पाणी गोडच होते. घळजाई गळ्यापर्यंत बुडाली होती. पिढ्यान्‌पिढ्या जिचे मुख समुद्राकडे होते, त्या देवीची मान खांद्यावरून मागे वळलेली होती. ती झऱ्याकडे पाहत होती. माणसांनी जे केले नाही, ते पाषाणाने केले.

जोमाने लोटा नवसूबायच्या हातात दिला. तिने तो चाचपला, पाण्यात बोट बुडवले आणि लोटा त्याला परत दिला.

"हे तुझ्या डोळ्यांना लाव, जोमा," ती म्हणाली.

त्यानंतर जोमाने होडी कधी पुढे तोंड करून चालवली नाही. तो उलटा बसे, मागे पाहत वल्हवी, आणि तरीही त्याची होडी कोणत्याही खडकाला लागली नाही. सात कोसांवरची हाक त्याला ऐकू येई, असे म्हणतात. वादळात सापडलेली कितीतरी माणसे त्याने काठाला आणली. नवसूबायच्या घरी पाणी भरायलाही तोच जाई. ती त्याला अडवत नसे आणि त्याच्याशी बोलतही नसे. गावाने त्याला साधू मानले. कोणी पायांवर डोके ठेवू लागले, तर तो पाय मागे घेई आणि म्हणे, "एक राहिली." शंभर माणसे वाचवली म्हणून ती एक परत येत नाही, हे त्याला कोणाला शिकवावे लागले नाही. तो मरण पावला तेव्हा त्याची मान बेटाकडे वळलेली होती. चितेवर ठेवताना लोकांनी ती सरळ करून पाहिली. झाली नाही.

करंजवेळेचे लोक आजही चैत्रात उंबरबेटावर जातात. माणसे आजही मोजत नाहीत. परंतु निघताना घळीच्या तोंडाशी होडी थांबवतात. वल्ही वर उचलतात. लहानथोर सगळे मागे वळतात, आणि मोठ्याने, थांबून थांबून, तीनदा "ओ" देतात.

हाक मारणारे तेथे कोणी नसते. मग वल्ही पुन्हा पाण्यात पडतात, आणि होडी निघते.