कोल्ह्याने वाटलेली फुले

मोहाच्या झाडांनी भरलेले एक जंगल होते, आणि त्या जंगलातल्या पाणवठ्याच्या काठी, उंच गवतातल्या एका जाळीत एक सशीण राहत असे. तिला तीन पिल्ले होती. दोन चांगली टुणटुणीत, पण धाकटे फार नाजूक. उन्हाळा लागला की सशिणीच्या जिवाला घोर लागे. ऊन वर आले की धाकट्याची मान कलंडायची. म्हणून ती रोज पहाटे, गारव्यातच, त्याला पाण्यावर नेऊन आणी. तेवढे पहाटेचे चार घोट पोटात गेले की मग दिवसभर तिला काळजी नसे.

बाळांनो, त्या पाणवठ्याची एक रीत होती. पहाटेची वेळ लहानांची. ससे, खारी, लावे, हरणांची पाडसे तेव्हा येत. मोठ्यांनी यायचे ते ऊन वर आल्यावर. ही रीत सांभाळायला एक राखणदार असे, आणि मोह फुलला की सगळे मिळून तो नव्याने निवडत. ज्यांना राखणदार व्हायचे ते काठावरच्या आपापल्या दगडावर बसत. बाकीच्यांनी पसंतीच्या दगडापुढे, ओल्या चिखलात, आपले एकच पाऊल उमटवायचे. जिथे पावले जास्त, तो राखणदार.

त्या वर्षी दोघे उभे होते, टिटवी आणि कोल्हा. टिटवी बिचारी घरोघर फिरली. सशिणीला म्हणाली, "माझ्याकडे द्यायला काही नाही गं बाई. मी जागी राहीन आणि कुणी वेळ मोडून आलं की ओरडेन. एवढंच मला येतं."

"ओरडतेस मात्र फार हो! पिल्लं दचकतात माझी," सशीण हसून म्हणाली. पण मनाशी तिने ठरवले होते, पाऊल टिटवीलाच.

निवडीच्या आदल्या दिवशी सशीण डोळे चोळत बाहेर आली, तर तिच्या जाळीच्या तोंडाशी मोहाच्या फुलांचा ढीग! पिवळसर, रसाने भरलेली फुले. त्यांचा गोड वास धुक्यासारखा जमिनीवरून सरकत होता. झाडे आपल्याशीच डुलत होती. पाखरे अर्धे गाणे म्हणून मध्येच गप्प होत, जणू पुढचे त्यांना स्वप्नातच म्हणायचे होते. आणि ढिगाशेजारी शेपटी सावरून कोल्हा उभा होता.

"घ्या वहिनी. लेकरांच्या तोंडाला जरा गोड. मी काही मागत नाही हं. आपली उद्या आठवण असू द्या."

"सगळ्यांकडे आलीत," वरच्या फांदीवरून खार बोबड्या तोंडाने म्हणाली. तिचे दोन्ही गाल फुगले होते. "माझ्याकडे तर जास्तच आलीत!"

कोल्हा पुढच्या जाळीकडे गेला, तशी टिटवी धावत आली. "अगं, ही फुलं झाडांची. रोज आपसूक आपल्या पायाशी पडतात. आज लांडग्यानं झाडांखालची सगळी जागा अडवली, फुलं गोळा केली आणि कोल्ह्याला दिली. तुझंच तुला वाटतोय गं तो!"

सशिणीला ते पटले. पण वळून पाहते तो पिल्लांनी ढिगात तोंडे केव्हाच घातली होती. धाकटेसुद्धा मिटल्या डोळ्यांनी चघळत होते आणि गालातल्या गालात हसत होते. त्याला असे हसताना तिने किती दिवसांत पाहिले नव्हते! तिनेही एक फूल खाल्ले. मग दुसरे. जमीन हलकेच पाळण्यासारखी झुलू लागली.

दुसऱ्या दिवशी सूर्य उगवताना सगळे चिखलाशी जमले. टिटवीच्या दगडापुढे थोडी पावले होती, कोल्ह्यापुढे गर्दी. माकडाने कोल्ह्यापुढे दोनदा ठसा उमटवला.

"एकच पाऊल रे!" टिटवी ओरडली.

"एक हाताचं, एक पायाचं," माकड म्हणाले. "हात काय माझा नाही?"

सगळे खो खो हसले. पलीकडे लांडगा पहुडला होता. त्याचा एक डोळा मिटलेला होता आणि दुसरा कोण कुठे पाऊल टाकतो ते पाहत होता.

सशिणीची पाळी आली. ती टिटवीकडे निघाली आणि मध्येच थांबली. 'पिल्लांनी कोल्ह्याचं खाल्लंय,' तिच्या मनात आले. 'खाऊन विसरायची आपल्या घरची रीत नाही.' चिखल गार होता, मऊ होता, डोळ्यांवर अजून गोड गुंगी होती. तिने कोल्ह्यापुढे पाऊल उमटवले. कुणाचे उपकार ठेवले नाहीत, या समाधानात ती घरी गेली.

कोल्हा राखणदार झाला. पुढे दोन-चार दिवसांनी, पहाटे सशीण धाकट्याला घेऊन पाण्यावर गेली, तर पाण्यात लांडगा लोळत होता. ती आल्या पावली जीव घेऊन पळाली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. भर उन्हात जावे, तर वर घारी घिरट्या घालत. धाकट्याचे ओठ सुकले. हाक मारली की ते नुसतेच कान हलवी.

सशीण तडक कोल्ह्याकडे गेली. "कोल्हेभाऊ, पहाटेची वेळ लहानांची आहे! मी तुम्हालाच पाऊल दिलं होतं."

कोल्ह्याने जांभई दिली. "दिलंत ना? आणि फुलं खाल्लीत ना? मग झालं की, वहिनी! तुमचं आमचं देणंघेणं तिथंच संपलं. टिटवीला निवडलं असतंत, तर तिला रोज जाब विचारता आला असता. मला कशाच्या जोरावर विचारता?"

"आणि लांडग्याला पहाटे पाण्यात का येऊ देता?"

"त्याचं देणं अजून फिटायचंय. फुलं त्यानं गोळा केली होती. आता उन्हाळाभर पाणी त्याचं."

सशीण परत आली. तिने दोन्ही मोठ्या पिल्लांना उठवले. "चला, डोंगरापलीकडे झरा आहे म्हणतात."

"आई, पण आपलं पाणी तर इथंच आहे ना?" धाकट्याने हळूच विचारले.

सशिणीने त्याला मानेजवळ अलगद तोंडात धरले आणि ती निघाली. वाट लांबची होती, आणि ऊन वर येऊ लागले होते.

तात्पर्य : जो आपले मत विकत घेतो, त्याला पुढे आपण जाब विचारू शकत नाही. म्हणून मत देताना आज पदरात काय पडले ते पाहू नये, उद्या लेकराबाळांच्या वाट्याला काय येईल ते पाहावे.