गिरणीत वाचलेली दिलगिरी

एकदा तालुक्याच्या एका गावी हेरंब नावाचा एक निवेदक होता. गावच्या छोट्या रेडिओ केंद्रावर तो रोज सकाळी ‘ठेचा’ नावाचा कार्यक्रम करी. लोक फोन करून गाऱ्हाणी सांगत आणि हेरंब त्या गाऱ्हाण्यांना चुरचुरीत फोडणी देई. त्याचा आवाज फार गोड होता. आवाज गोड असला की माणसाला वाटू लागतं, आपण बोलू ते सगळं गोडच लागणार.

एका सकाळी पिठाची गिरणी चालवणाऱ्या कौसल्याबाईंचा फोन आला. ऐन दळणाच्या वेळी वीज जाते, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. पण आवाज जाड, घोगरा आणि चढा. हेरंब म्हणाला, “अहो मावशी, फोन कशाला केलात? दारात उभं राहून नुसती हाक मारायची! भोंगा थेट वीजवाल्यांच्या ऑफिसात वाजला असता!” मग ‘आपल्या भोंगामावशींसाठी’ म्हणून त्याने गाणं लावलं. गाव हसलं. दुसऱ्या दिवशी त्याने ते नाव पुन्हा घेतलं, कारण पहिल्या दिवशी ते चाललं होतं. चाललेली गोष्ट थांबवायची कशाला, हा त्याचा साधा हिशेब.

नाव रेडिओतून उतरून रस्त्यावर आलं. शाळेला जाणारी पोरं गिरणीच्या दाराशी थांबून, तोंडाला हात लावून भोंगा वाजवू लागली. कौसल्याबाईंनी बोलणंच सोडलं. पीठ जाड हवं की बारीक, हेसुद्धा त्या चिमटीच्या खुणेने विचारू लागल्या. हेरंबची बायको दळण घेऊन आली तेव्हा म्हणाली, “त्या बोलत नाहीत आता.” तिने डबा खाली ठेवला आणि थोडा वेळ तिथेच उभी राहिली. हेरंब मोबाइलमध्ये कालचे अभिप्राय वाचत होता.

शेवटी महिला मंडळाच्या बायका केंद्रात येऊन बसल्या. केंद्राच्या मंडळींनी हेरंबला सांगितलं, माफी माग, नाहीतर ‘ठेचा’ बंद. हेरंबला गाव ओळखत होतं ते ‘ठेच्या’मुळे. रात्री न जेवताच त्याने माफीचं वाक्य तयार केलं आणि सकाळी ते घेऊन तो आपल्या गुरूंकडे गेला.

हे गुरू म्हणजे निवृत्त झालेले वृद्ध निवेदक. श्वास कुठे घ्यावा, शब्द कुठे सोडावा, हे त्यांनीच त्याला शिकवलं होतं. असे कितीतरी गळे त्यांनी घडवले होते. अलीकडे मात्र रेडिओ लावला की ते थोड्याच वेळात बंद करत.

हेरंबने वाचलं, “माझ्या बोलण्याने कळत-नकळत जर कुणाच्या भावना दुखावल्या गेल्या असतील, तर त्याबद्दल मी मनःपूर्वक दिलगिरी व्यक्त करतो.”

डोळे मिटूनच गुरुजी म्हणाले, “उच्चार शुद्ध आहेत. चल, हे आता गिरणीत वाच. गिरणी चालू असताना.”

“गिरणीत? गुरुजी, त्या घरघराटात ऐकू काय येणार?”

“तेच बघायचंय,” म्हणत गुरुजींनी चपला घातल्या.

गिरणीत डबे घेऊन बायका उभ्या होत्या. पट्टा फिरत होता, पीठ उडत होतं. कौसल्याबाईंनी हेरंबला पाहिलं आणि पुन्हा गव्हाकडे वळल्या.

“मावशी, जरा बंद करता का?” हेरंबने खुणेने विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. लोकांचं दळण चालू होतं.

हेरंबने कागद काढला आणि आपल्या मुलायम आवाजात वाक्य म्हटलं. कौसल्याबाईंनी कानामागे हात धरला. तो मोठ्याने म्हणाला, “कळत-नकळत जर कुणाच्या...”

“काय म्हणतोय गं?” एका बाईने दुसरीला विचारलं.

“कुणाचं तरी मयत झालंय वाटतं.”

“नाही गं, हवामान सांगतोय.”

बायका हसल्या. हेरंबचे कान तापले. त्याने ‘कळत-नकळत’ गाळलं. मग ‘मनःपूर्वक’ गाळलं. ‘दुखावल्या गेल्या असतील, तर’ हे काही केल्या पलीकडे पोचेना. यंत्र ते मधेच गिळून टाकी. ओरडून ओरडून त्याचा गळा चिरला. कौसल्याबाईंचा हात कानामागेच होता. शेवटी त्याने कागद खिशात कोंबला आणि छातीतला सगळा श्वास काढून ओरडला,

“मावशी! माझं चुकलं!”

कौसल्याबाईंनी कानामागचा हात काढला. क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि गिरणीच्या वरताण आवाजात म्हणाल्या, “मला काय सांगतोस? मला ठाऊकच आहे! ज्यांना ऐकवलंस, त्यांना सांग!”

आणि पुढच्या बाईचा डबा ओढून घेतला.

परतताना हेरंब बसलेल्या आवाजात म्हणाला, “गुरुजी, त्यांच्या घशाला काही आजार आहे का? मला आधी माहीत असतं, तर...”

“पुन्हा ‘तर’!” गुरुजी थांबले. त्यांना धाप लागली होती. “आजार नाही रे बाबा. तू घटकाभर ओरडलास आणि तुझा गळा बघ काय झालाय. त्या जन्मभर त्या यंत्राच्या वर बोलत आल्यात. आपल्या घरोघरच्या पोळ्यांनी घडवलेला आवाज आहे तो. आणि समज, नसता तसा. जन्मतःच घोगरा असता, तर काय थट्टेला मोकळा होता?” जरा वेळाने ते म्हणाले, “मी तुला श्वास शिकवला, विराम शिकवला. तुझ्या वाक्यात ‘कुणाच्या’ होतं, ‘असतील’ होतं, ‘तर’ होतं. कौसल्याबाई नव्हत्या आणि तूही नव्हतास. दोन माणसं लपवायला एवढं शुद्ध मराठी लागलं. शिकवण्यात कुठे कमी पडलो, तेच आठवतोय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी हेरंब माइकसमोर बसला. गळा अजून बसलेलाच होता. तो म्हणाला, “मी कौसल्याबाईंच्या आवाजाची थट्टा केली. त्यांना नाव ठेवलं. माझं चुकलं.”

काचेपलीकडचा तंत्रज्ञ पुढच्या वाक्याची वाट पाहत राहिला. पुढचं वाक्य नव्हतं.

मग फोन वाजला. पलीकडचा माणूस हसत म्हणाला, “काय हेरंबभाऊ, भोंगामावशींनी दम दिला काय?”

“त्यांचं नाव कौसल्याबाई आहे,” हेरंब म्हणाला.

फोन ठेवला गेला. पुढच्या फोनवरही तेच नाव आलं आणि त्याने तेच उत्तर दिलं. ‘ठेचा’ बंद झाला नाही, पण हळूहळू फोन कमी झाले. आता ‘ठेच्या’त मजा राहिली नाही, असं लोक म्हणू लागले. ते खरंही होतं. पण जो कुणी ते नाव घेई त्याला हेरंब, न चिडता, थकल्या आवाजात खरं नाव सांगे. रस्त्यातल्या पोरांनाही थांबून सांगे. काही ऐकत, काही पळून जात.

आपण सोडलेल्या शब्दामागे आपल्यालाच चालत जावं लागतं. वाट लांब असते, आणि त्या वाटेवर कुणी टाळ्या वाजवत नाही.