महाराजांच्या ड्रोनची उतरायची जागा

राजा धैर्यशीलांचा ड्रोन सातव्यांदा बागेतल्या हौदात पडला, तेव्हा राजानं हौदच बुजवायचा हुकूम सोडला!

हा ड्रोन जावयानं पाठवलेला. दिवाळसणाला सासऱ्यानं जावयाला द्यावं ही रीत, इथं उलटी गंगा. चार पंख्यांचं ते खेळणं हाती आलं आणि राज्यकारभार गेला चुलीत. उडवायला राजा झकास उडवायचा. उतरवायला मात्र... पण बोलणार कोण? ड्रोन जास्वंदीत अडकला, जास्वंद तोडली. दगडी चौथरा बांधला, ड्रोन कडेवरून घरंगळला, चौथरा फोडला. गालिचा अंथरला तर पंखे झालरीत गुंतले. मातीवर चुन्याचं रिंगण काढलं, तर पंख्यांच्या वाऱ्यानं सगळा चुना उडाला आणि शेजारी उभे असलेले दिवाण नीळकंठपंत नव्यानं रंगवलेल्या भिंतीसारखे पांढरेफटक झाले. दर वेळी राजाचं एकच म्हणणं, मी नीटच उतरवला, जागाच नालायक.

मग दिवाणांनी अक्कल चालवली. जागाच एवढी मोठी करू म्हणाले, की ड्रोनला दुसरीकडे पडायला ठावच उरणार नाही. एवढी सपाट, मोकळी जागा राज्यात एकच होती, नदीच्या वाळूतली कलिंगडाची वाडी. हुकूम सुटला, उद्याच्या उद्या वेल उपटा आणि फरशी ठोका.

वाडी होती दगडू भोयाची. फळं तोडणीला दोन दिवसांवर आलेली, टिचकी मारली की गोड आवाज द्यायला लागलेली. दवंडी ऐकून दगडू वाळूतच मटकन बसला. त्याची लेक येसू मात्र बसली नाही. पदर खोचला आणि तडक दरबार गाठला.

"महाराज, वाडी कशाला मोडता? दोन हात लांब, दोन हात रुंद जागा मी करून देते. ड्रोन पाच वेळा उतरवा. एकदा जरी बाहेर पडला, तर सगळे वेल माझ्या हातानं उपटीन."

राजा बघतच राहिला. ज्याला अख्खी बाग पुरली नाही, त्याला दोन हात? दिवाणांनी लगोलग अटी घातल्या. धूळ उडता कामा नये, गवताची काडी लागता कामा नये, आणि ड्रोनला किंवा महाराजांच्या रिमोटला कुणी बोटही लावायचं नाही. येसूनं सगळ्याला मान डोलावली. पोर इतक्या पटकन कशी कबूल झाली, याचं दिवाणांना जरा नवल वाटलं. पण विचार करत बसले तर ते दिवाण कसले!

येसू घरी आली. मांडवाची कळकाच्या कामट्यांची विणलेली तट्टी सोडली, दोन हातांची कापली आणि दोन लांब बांबूंच्या मधोमध सुतळीनं आवळून बांधली. दगडू म्हणाला, "पोरी, आपल्या राजाचा हत्तीच्या पाठीवरचाही नेम चुकेल."

"ते मला ठाऊक आहे, आबा. तुम्ही पुढून धरा, मी मागून धरते."

दुसऱ्या दिवशी सगळा गाव बागेत लोटला. ड्रोन वर गेला, घोंघावला आणि राजानं मोगऱ्याच्या ताटव्यावर नेम धरल्यासारखा खाली आणला. बापलेकीनं बांबू खांद्यावर घेतले आणि दोघं निघाली. पालखी वाहणाऱ्या भोयांची चाल ती! पालखीतल्या तांब्यातलं पाणीही हिंदकळू नये, अशी भराभर पावलं. ड्रोन अलगद तट्टीवर बसला. एरवी दगडावर आपटून उलटा फिरणारा पंख्यांचा वारा तट्टीच्या विणीतून खाली निघून गेला. धूळ नाही, काडी नाही. एक!

दुसऱ्यांदा ड्रोन हत्तीखान्याकडे वळला, तट्टी तिकडे. तिसऱ्यांदा दिवाणांच्या पगडीवर यायला लागला. दिवाण पळाले, पण ड्रोनखाली तट्टी कधीच पोचली होती. चौथ्यांदा तर राजा लहान पोरासारखा खिदळत मुद्दाम गोल गोल फिरवत होता, आणि बापलेक खाली भोवऱ्यासारखी फिरत होती. लोक टाळ्या पिटून पिटून दमले.

पाचव्यांदा राजानं ड्रोन सरळ नदीवर नेला आणि भर पात्रात खाली सोडला. आता बोला! बापलेक सरळ पाण्यात शिरली. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, पण खांद्यावरचे बांबू तसूभर कलले नाहीत. ड्रोन उतरला, कोरडा ठणठणीत.

"हा दगा आहे!" दिवाण काठावरून ओरडले. "जागा म्हणजे जागच्या जागी हवी. उतरायची जागा कधी चालते का?"

बापलेक निथळत काठावर आली. ड्रोन तट्टीवर तसाच.

"दिवाणजी, महाराज बाहेर निघाले की त्यांचा मेणा कुठं असतो?" येसूनं विचारलं.

"महाराज उभे असतील तिथं. भोई आणून लावतात."

"महाराज मेण्याच्या मागं पळालेत कधी?"

"छे! भलतंच काय विचारतेस?"

"मग महाराजांच्या ड्रोननंच तेवढी उतरायची जागा धुंडत का फिरावं? आम्ही भोई मेलो होतो का? का तुमचं म्हणणं असं, की मेणा बरोबर जागी होता आणि महाराजांचाच नेम चुकला?"

दिवाणांनी चोरून राजाकडे पाहिलं आणि पगडी सारखी केली.

राजाच्या मिशा हलल्या, मग खांदे हलले, मग राजा पोट धरून असा हसला की रिमोट हातातून निसटून चिखलात पडला. कुणी उचलायला धजेना. शेवटी राजानंच तो चिखलातून काढला, धोतराला पुसला आणि गळ्यातला मोत्यांचा कंठा काढून येसूच्या गळ्यात घातला. वाडी कायमची येसूच्या नावे करून दिली.

"आणि उद्या?" दगडूनं हात जोडून विचारलं. "उद्यापासून कलिंगडं तोडायला घ्यायची आहेत, महाराज. ड्रोनला खांदा कोण देणार?"

"तुम्ही खुशाल कलिंगडं तोडा," राजा म्हणाला. "उद्यापासून पुढचा खांदा नीळकंठपंतांचा!"