राणीच्या बाळाची कुंची

एका राज्यात हेमांगी नावाची राणी होती. नवसासायासांनी तिला मुलगा झाला, आणि आनंद तिच्या पोटात मावेना. त्या राज्याची रीत अशी, की तान्ह्या बाळाला पहिलं कापड घालायचं ते जुनेराचं, माणसांच्या अंगावर मऊ झालेलं. पण राणी म्हणाली, "राजाच्या पोराला का जुनेर? समुद्रापलीकडून जरीची कुंची मागवा. बारशाच्या आत हवी. घटकाभरही उशीर चालायचा नाही."

वाऱ्याच्या पाठीवर बसून निरोप गेला आणि अकराव्या दिवशी गलबत कुंची घेऊन आलं. राजवाड्यातल्या साऱ्या जणी तिच्यावरची जर न्याहाळत राहिल्या. कुंची केली कोणी, हे कोणीच विचारलं नाही. तिथे तसं विचारायची पद्धतच नव्हती.

बाळाला कुंची घातली मात्र, हनुवटीखालचे बंद आपोआप आवळले. अकरा दिवसांचं ते बाळ एका थकलेल्या बाईच्या आवाजात बोलू लागलं, "दार उघडा हो. धूर झालाय. दार उघडा."

वैद्य आले, मांत्रिक आले. बंदांना लागली की कात्री बोथट व्हायची. राजाने कपाळाला हात लावला. बंद तिळातिळाने आवळतच होते.

गलबताच्या डोलकाठीवर एक साळुंकी बसून आली होती. ती म्हणाली, "राणी, ज्या हाताने टाका घातला, त्याच हाताने तो उसवेल. त्या बाईचं नाव बिंबा. धूम्रकेश जादूगाराच्या बेटावर ती कोंडलेली आहे."

राणीने बाळाला उराशी धरलं आणि त्याच गलबतात पाऊल टाकलं.

बेटावर काळ्या दगडाची एकच इमारत होती आणि तिला एकच दार, तेही बाहेरून बंद. धूम्रकेश अदबीने सामोरा आला. त्याने एक भिंत दाखवली. तिच्यावर जेवणाऱ्या, हसणाऱ्या बाया रंगवल्या होत्या. "पाहा राणीसाहेब, आमच्या बाया किती सुखात आहेत. येणारे सगळे एवढंच पाहतात आणि संतोषाने परत जातात."

"दार उघडा हो," बाळ म्हणालं.

जादूगाराचं हसू मावळलं. "दाराला तीन कुलपं आहेत. काढा निघत असतील तर. तिसरं काढणारा अजून जन्माला यायचाय."

पहिलं कुलूप दिवसाचं होतं. सूर्य मावळला की काम थांबवायचं, असा त्या बेटाचा करार होता. म्हणून धूम्रकेशाने सूर्य छपरालाच खिळ्याने ठोकून ठेवला होता. कुंची मागवली तो दिवस तिथे अजून सरलाच नव्हता. बाळाला पाठीशी बांधून राणी छपरावर चढली, तापलेला खिळा तिने दोन्ही हातांनी उपसला. तळव्यांची कातडी खिळ्याला चिकटून गेली. सूर्य घरंगळत समुद्राकडे निघाला आणि पहिलं कुलूप गळून पडलं.

दुसरं कुलूप आवाजाचं. बायांनी कामाच्या जागी बोलू नये म्हणून त्यांचे आवाज एका रांजणात भरून ठेवले होते. कानांवर हात न ठेवता सगळं ऐकलं, तरच झाकण निघायचं. राणी रांजणाशी बसली. एकजण पाणी मागत होती. एकीची आई वारली होती आणि तिला सोडलं नव्हतं. एकजण सांगत होती, खाली रंगाच्या भट्टीतून आग पसरलीय. तीनशे आवाज तिने ऐकले. शेवटचा आवाज तिच्या ओळखीचा होता, बाळाच्या तोंडून ऐकलेला. "कुंची खिडकीतून दिली, तरी दार उघडेनात. राणीचा हुकूम आहे म्हणतात."

झाकण निघालं. दुसरं कुलूप गळून पडलं.

तिसऱ्या कुलपाला किल्लीचं भोकच नव्हतं. दाराखालून धूर येत होता आणि बाळाचे ओठ निळे पडले होते. राणी ओरडली, "किल्ली दे, दुष्टा!"

"ती माझ्यापाशी कुठली असणार? घटकाभरही उशीर चालायचा नाही, हा शब्द कोणाचा? त्याचंच हे कुलूप. शब्द दिलात राणीसाहेब, परत कधी घेतलात?"

राणीला स्वतःची लाज वाटली. गुडघ्यांवर बसून, दाराला तोंड लावून ती म्हणाली, "बायांनो, मला कसलीच घाई नव्हती. नुसती हौस होती. माझा शब्द मी परत घेते."

कुलूप तुटलं. दारातून वारा आत घुसला, आणि धुराचंच अंग असलेला धूम्रकेश त्या वाऱ्यावर विरून गेला. खोकत, एकमेकींना धरत बाया बाहेर आल्या. दोनशे पंचाण्णव आल्या.

त्यांतली बिंबा राणीपाशी आली. तिने बाळ मांडीवर घेतलं आणि आपल्या हाताने टाका उसवला. बाळ आपल्या आवाजात रडलं. राणीने बिंबाचे पाय धरले. "माग बाई, काय मागशील ते."

"सूर्य रोज मावळू दे. दार आतून उघडू दे," बिंबा म्हणाली. "आणि आमच्या पाचजणी आत राहिल्यात. त्यांना बाहेर आणा, राणीसाहेब. आमच्यात आता त्राण नाही."

बाळ बिंबाच्या मांडीवर ठेवून राणी आत गेली. सोललेल्या हातांनी तिने एकेकीला उचलून आणलं, वाळूवर निजवलं, तोंडावरची काजळी आपल्या पदराने पुसली. पाचवीच्या मुठीत सुई होती, ती मूठ काही उघडली नाही.

तेव्हापासून त्या बेटावर रोज संध्याकाळ होते आणि गलबतं उशिराने येतात. जिवंत राहिल्या त्या आपापल्या घरी गेल्या. पाच घरी मात्र राणीला स्वतः सांगायला जावं लागलं.