नऊ की एकवीस?

“नऊ की एकवीस? उस्ताद, एकच सांगा.”

दस्तगीर उस्ताद मैदानामागच्या नळाशी बसले होते. पुढ्यात बादली, बादलीत गार पाणी, बाजूला मिठाची पुडी. एक पिवळा शर्ट ते चोळत होते.

“कसले नऊ आणि कसले एकवीस?”

“आपल्या ‘ब’ संघातली मुलं. सकाळची मॅच पाहिलीत ना?”

“पाहिली.”

“मग?”

“चांगली झाली.”

एवढ्याशा उत्तरावर निरंजनचं समाधान होणार नव्हतं. तो उस्तादांचा जुना चेला. आठ वर्षं त्यांच्याकडे गोलकीपिंग शिकला होता. आता तो खेळत नसे, खेळणाऱ्यांबद्दल बोलत असे. एकोणीस वर्षांखालच्या मुलांची ही आंतरराष्ट्रीय स्पर्धा सुरू झाल्यापासून तो रोज मोबाईलवर एक यादी टाकायचा. लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांच्या खेळाडू-निवडीत, कोणाला घ्यावं, पहिल्यापासून विसाव्यापर्यंत. ती वाचून शहरातले सगळे हॉकीवेडे एकमेकांच्या अंगावर धावून जात. निरंजनला ते फार आवडे.

आज मात्र गोष्ट यादीपुरती नव्हती. लीगमधल्या एका संघाने दुपारी त्याला फोन केला होता. ‘ब’ संघातला एक मुलगा आम्ही घेतोय. तू रोज बघतोस, तूच नाव सांग. पाचपर्यंत.

एक मुलगा लीगमध्ये जाणार होता. बाकीचे परवाच्या गाडीने घरी. पुढच्या वर्षी त्यांचं वय उलटलेलं असणार.

निरंजनने वही उघडली.

“नऊ नंबर. सुखदेव मडावी, बल्लारपूरचा. पहिल्या अर्ध्यात दोन गोल. चेंडू असा नेतो की बघत राहावं. पण मध्यंतरानंतर गायब! मी लिहून मोबाईलवर टाकलंयसुद्धा, ऐका. ‘दम नाही. जिगर नाही. टाळ्या मिळाल्या की संपला.’”

उस्तादांनी शर्टावर चिमूटभर मीठ टाकलं.

“आणि एकवीस?”

“जोसेफ टोप्पो. तो मध्यंतरानंतर उतरला. उस्ताद, काय मुलगा आहे! मिरवणं नाही, काही नाही. मागे येतो, चेंडू काढतो, दुसऱ्याला देतो. गोल समोर असताना दिला त्याने! मी लिहिलंय, ‘नऊ नंबरने याच्याकडून शिकावं.’”

उस्तादांचा हात थांबला. मग पुन्हा चालू झाला.

“पहिल्या अर्ध्यात कुठे होता जोसेफ?”

“बाकावर.”

“पाहिलास?”

“म्हणजे... बाकावरच असणार ना.”

तेवढ्यात मुदलियार काका आले. हातात चहाचा कप, अर्धा सांडलेला. चाळीस वर्षांत काकांनी या मैदानावरची एकही मॅच चुकवली नव्हती आणि एकाही मॅचबद्दल त्यांचं कोणाशी एकमत झालं नव्हतं.

“निरंजन, डोळे मिटून एकवीस लिही. नऊ म्हणजे नुसती फटाक्यांची माळ.”

“काका, पण दोन गोल कोणी केले?”

“केले! आणि मग गेला कुठे?”

“तेच तर मला कळत नाहीये.”

“घाबरला असेल. मी बघताक्षणी म्हटलं होतं, हा टिकणारा नाही. म्हटलं होतं की नाही?”

“तुम्ही म्हटलं होतंत, याला आत्ताच्या आत्ता सीनियर संघात घ्या.”

“ते पहिल्या गोलनंतर.”

उस्तादांनी शर्ट पिळला. झटकला. दोरीवर पाठीकडून पसरला.

पाठीवर मोठा नऊ होता.

निरंजन दोन पावलं पुढे गेला. गळ्यापाशी तपकिरी डाग होता, खांद्यापर्यंत ओघळलेला. धुऊनही पुरता गेला नव्हता.

“हा... तुमच्याकडे कसा?”

“रक्ताचा शर्ट घालून पंच खेळू देत नाहीत. तुला मीच शिकवलं होतं.”

“रक्त कोणाचं?”

“ज्याचा शर्ट, त्याचं. स्टिक लागली भुवईवर. मध्यंतराला दोन मिनिटं होती.”

“मग तो पुढे खेळला नाही?”

“खेळला की. जोसेफचा शर्ट घालून. जोसेफ तापाने फणफणलाय. परवापासून अंथरुणातून उठला नाही.”

मैदानावर पाण्याचे फवारे सुरू झाले होते. पुढच्या मॅचसाठी टर्फ भिजवत होते.

“म्हणजे नऊ नंबरच... एकवीस?”

“भोंग्यावरून सांगितलं. दोनदा.”

निरंजनने काकांकडे पाहिलं. काकांनी निरंजनकडे. भोंग्यावरून दोनदा सांगितलं तेव्हा आपण काय करत होतो, हे दोघांनाही नीट आठवत होतं. नऊ नंबर खरा की नुसता दिखाऊ, यावर दोघे मैदानाकडे पाठ करून भांडत होते. आवाज इतका चढला होता की पुढच्या रांगेतली माणसं उठून दुसरीकडे जाऊन बसली होती.

काकांनी उरलेला चहा संपवला.

“तरीसुद्धा,” ते हळूच म्हणाले, “एकवीसच बरा.”

“काका, मुलगा एकच आहे!”

“असू दे ना. पण एकवीस जास्त समजूतदार वाटतो.”

निरंजन हसायला गेला आणि हसू आलंच नाही. कारण त्यालाही अगदी तसंच वाटत होतं. नऊ नंबरचा त्याला अजून राग येत होता. एकवीस नंबर अजून आवडत होता.

“मी सगळ्यांना सांगून येतो,” काका निघाले.

“काय सांगणार?”

काका क्षणभर उभे राहिले.

“ते जाता जाता ठरवतो.”

ते गेले. निरंजन नळाच्या कट्ट्यावर टेकला. वहीची पानं त्याने पुढे उलटली, मागे उलटली.

“यादीत एकवीस पहिला आहे. नऊ तेरावा. एकाच माणसाला मी... मधला धरला तर सातवा येतो.”

“सातवा सध्या कोण आहे?”

“एक कोरियन मुलगा.”

“त्याचं काय करशील?”

निरंजनने वही मिटली. पाचला दहा मिनिटं कमी होती.

“नाव मी सुखदेवचंच देतो. त्यात आता प्रश्नच नाही. पण ते विचारणार, का? कसला खेळाडू आहे? मी काय सांगू? पहिल्या अर्ध्यातला मुलगा सांगू की दुसऱ्या अर्ध्यातला? पहिला चेंडू कोणाला देत नाही. दुसरा स्वतःकडे ठेवत नाही. मला वाटलं ते शहाणपण आहे. पण लागल्यावर भीती बसली असेल तर? की डोळा सुजला होता, गोल दिसतच नव्हता, म्हणून दुसऱ्याला दिला?”

उस्तादांनी दोरीवरचा शर्ट ताणून सरळ केला.

“तसं असेल तर मी कौतुक कशाचं केलं?”

उस्तादांनी मिठाची पुडी दुमडून खिशात ठेवली.

“आणि ‘जिगर नाही’ असं लिहिलं मी. अकराशे लोकांनी वाचलंय ते.” निरंजनचा चेहरा लाल झाला होता. त्याला मनापासून लाज वाटत होती. ती त्या मुलापुढची लाज होती की त्या अकराशे लोकांपुढची, हे त्याचं त्यालाच सांगता आलं नसतं. “काय गोंधळ करून ठेवलाय मी! उस्ताद, तुम्ही पोरं घडवली आहेत. तुम्हाला कळत असेलच. त्याच्यात नक्की काय आहे? एकच गोष्ट सांगा. तेवढीच मी त्यांना सांगतो.”

“मला विचारतोस?”

“मग कोणाला विचारू? त्याच्याबद्दल या शहरात मी सगळ्यांना विचारलं. सगळ्यांचं वेगळं.”

“सगळ्यांना?”

“सगळ्यांना!”

फोन वाजला. निरंजनने नाव पाहिलं आणि उभा राहिला. लीगचा संघ.

“हो... हो, ठरलंय नाव. एक मिनिट हं, फक्त एक मिनिट.” त्याने फोनवर तळवा ठेवला. “उस्ताद, ते म्हणतात, तुला त्या मुलाबद्दल जे पक्कं माहीत असेल तेवढं सांग. लवकर. काय सांगू?”

उस्तादांनी बादली उचलली. फिकं लाल पाणी नळाखालच्या मोरीत ओतलं. मग मान वर करून त्यांनी विचारलं,

“टाके किती पडलेत त्याला?”