नाईनची आई काय बोलली

"मूळ ग्रीक सांगायचंच नाही, तर चार वर्षं सेमिनरीत मी केलं काय, पाळकसाहेब?"

अनुग्रह उजगरेनं हे विचारलं तेव्हा त्याच्या मांडीवर चौदा पानं होती. उद्याच्या रविवारचं प्रवचन. आवाज चढलेला होता, पण आतून तो पार घाबरला होता.

समोर बाजेवर आढावपाळक बसले होते. वय चौऱ्याऐंशी, दोन्ही डोळे गेलेले. करंजवाडीची ख्रिस्ती मंडळी त्यांनी एकतीस वर्षं सांभाळली होती. ती अनुग्रहच्या गळ्यात पडून आता सात महिने झाले होते.

"सांगू नको असं मी कुठं म्हटलं? कोणाला सांगणार, एवढंच विचारलं. वाच की."

अनुग्रहनं वाचायला घेतलं.

धडा वरूनच ठरून आलेला होता. लूकच्या शुभवर्तमानातली नाईन गावची विधवा. तिच्या एकुलत्या एका पोराची तिरडी वेशीबाहेर निघते. येशू तिला रडू नको म्हणतो, तिरडीला हात लावतो, आणि मेलेलं पोर उठून बसतं.

मेहनतीत अनुग्रहनं कसूर ठेवली नव्हती. येशूला कळवळा आला, त्या एका क्रियापदावर तीन पानं. ती तिरडी होती की पेटी, यावर साडेचार. त्यात तीन जर्मन पंडितांचं भांडण, आणि चौथा स्वतः अनुग्रह.

नवव्या पानावर तो थांबला.

"पुढं?" पाळक म्हणाले.

"पाळकसाहेब... उद्या सगुणाबाई येणार आहेत."

सगुणाबाईचा रूबेन तीन आठवड्यांपूर्वी पंपाची मोटार काढायला विहिरीत उतरला, तो वर आला नाही. तोही एकुलता. ही बाईही विधवा. त्याची माती अनुग्रहनंच केली होती.

"त्या बाईचा उठला," अनुग्रह म्हणाला. "हिचा नाही उठला. तिनं भर देवळात मला विचारलं तर? माझा का नाही, म्हणाली तर?"

"म्हणून चौदा पानं होय."

अनुग्रह पानांच्या कडा जुळवायला लागला.

"मातीनंतर तिच्या घरी बसलास?"

करंजवाडीत एक रीत आहे. माती झाली की पाळक त्या घरी जातो, शेजाऱ्यांनी आणलेली पिठलं-भाकरी घरच्यांना जवळ बसवून त्यांच्यासोबत खातो. पाळकानं घास घेतला की मग घरच्यांना नाही म्हणता येत नाही. अनुग्रह त्या दिवशी डोकं दुखतंय म्हणून कबरस्तानातून परस्पर घरी गेला होता. दुसऱ्या दिवशी मंडळीचं काम निघालं. तिसऱ्या दिवशी लाज वाटली, आणि लाज वाटायला लागल्यावर जाणं आणखीच अवघड झालं.

त्यानं हे सगळं सांगितलं. सांगताना त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

पाळकांना त्या दिसत नव्हत्या. ते म्हणाले, "तुझं ते ग्रीक पुस्तक आणलंयस?"

"आणलंय."

"त्यात बघ. ती नाईनची आई काय बोलली?"

अनुग्रहनं पुस्तक उघडलं. बोट ओळीओळीवरून गेलं. मग पुन्हा पहिल्या ओळीपासून गेलं. येशू बोलतो. पोर उठून बोलायला लागतं. गावचे लोक बोलतात...

"काहीच नाही बोलत ती."

"नीट बघ."

"नाही, पाळकसाहेब. एक शब्द नाही."

"जुन्या हस्तलिखितांत?"

"त्यांतही नाही."

पाळकांनी हात पुढे केला. अनुग्रहनं त्यावर पुस्तक ठेवलं. हात तसाच राहिला. मग त्यानं चौदा पानंही ठेवली.

पाळकांनी ते सगळं उशीखाली सारलं आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

"मग जा," ते म्हणाले. "ऐकून ये."

सगुणाबाईचं घर चार गल्ल्या पलीकडे. अनुग्रहला त्या चार गल्ल्या चालायला अर्धा तास लागला.

तो परतला तेव्हा ऊन ओसरीच्या कडेला आलं होतं. पाळक उठून बसले होते. पुस्तक उशीखालीच होतं, आणि त्यानं ते मागितलं नाही.

"विचारलं का तिनं?"

"विचारलं."

"काय?"

"म्हणाल्या... साहेब, जेवलात का?"



मग अनुग्रहनं सगळं सांगितलं. तो उंबऱ्याशी बसला होता. देवाची इच्छा वगैरे त्याच्या ओठांवर आलं होतं, ते त्यानं गिळलं. मग सगुणाबाई उठली आणि आतून भाकरी घेऊन आली. रोज एक जास्तीची थापली जाते, म्हणाली. मला कळतं, पण हाताला कळत नाही. तीच भाकरी आणि लसणाचा ठेचा तिनं त्याच्यापुढं ठेवला. त्यानं भाकरी संपवली. ती समोर बसून बघत होती.

सांगता सांगता त्याचे डोळे भरून आले. तीन आठवडे छातीवर बसलेलं ओझं उतरल्यासारखं त्याला वाटलं. आणि ओझं उतरताच त्याच्या डोक्यात उद्याच्या सकाळची जुळवाजुळव सुरू झाली. स्वभाव काय एका दुपारी जातो?

"पाळकसाहेब, ती पानं राहू द्या," तो म्हणाला. "मला प्रवचन मिळालं. उद्या हेच सांगतो. ती भाकरी, तो हात..."

पाळकांनी मान त्याच्याकडे वळवली. दिसत नसलेले ते डोळे त्याच्या तोंडावर येऊन थांबले.

"आणि ती जेवली का?"